छापल्या न गेलेल्या चार ओळी

आमच्या छापखान्यात एकदा एक गृहस्थ आईच्या तेराव्याची पत्रं छापायला घेऊन आले. मजकूर वळणदार अक्षरात लिहिलेला, फक्त तारखेची जागा कोरी. मी विचारलं, "तारीख?" तर म्हणाले, "अजून आहे ती. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत. म्हटलं, मागाहून धावपळ नको." मी पत्र जुळवलं, तारखेपुरती जागा सोडली आणि बांधून फळीवर ठेवलं. म्हातारी पुढे अकरा महिने जगली. शेवटी अक्षरांचे खिळे कमी पडायला लागले म्हणून मालकांनी ते पत्र सोडवायला लावलं आणि नेमकी त्याच आठवड्यात ती गेली. गृहस्थ माझ्यावर असे उखडले, की जणू मीच मारली.

हे सांगितलं की लोक हसतात आणि "अजून सांगा" म्हणतात. अशा माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर माझ्या डोक्यात दरवेळी एकच गोष्ट येते आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही. सत्तरी ओलांडली माझी. ज्या नवरा-बायकोला हे सांगायला हवं होतं, ती दोघंही आता नाहीत. ऐकायला कोणी उरलं नाही, तेव्हा मला लिहायचं धाडस झालं. एवढा शूर मी.

मी घाटकोपरला बापू परुळेकरांच्या छापखान्यात खिळे जुळवायचो. कंपोझिटर. आताच्या पोरांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. लाकडी पेटीत शेकडो छोटे खण, प्रत्येक खणात एक अक्षर, एक काना, एक वेलांटी. डाव्या हातात पट्टी धरायची, उजव्या हाताने खण न बघता खिळे उचलायचे आणि ओळ लावत जायची. अक्षरं सगळी उलटी. हस्तलिखितातलं एक वाक्य डोळ्यांनी उचलायचं, डोक्यात धरायचं आणि हात चालू ठेवायचे. सवय झाली, की हात आपले काम करतात आणि मन कुठेही भटकून येतं.

पान पुरं झालं, की ते बांधायचं. सुटे हजारभर खिळे, धक्का लागला तर दिवसाची वाट लागली. म्हणून पानाभोवती बारीक, चिवट दोरा घट्ट ओढत चार-पाच वेढे द्यायचे. गाठ मारायची नाही, गाठीचा उंचवटा आला की शेजारचं पान नीट बसत नाही. टोक शेवटच्या कोपऱ्यात वेढ्यांच्या खाली पोकराने, म्हणजे टोकदार सळईने, खुपसून टाकायचं. आतून जेवढा जोर येईल तेवढा दोरा आवळत जातो. सोडवायचं तर टोक सापडावं लागतं आणि ते बहुधा बांधणाऱ्यालाच सापडतं. मी बांधलेलं पान कधी सुटलं नाही. बापू गिऱ्हाइकांना दाखवायचे, "हे बघा, दत्तारामने बांधलंय. उचलून आपटा." मला मोठा अभिमान होता त्याचा.

आमचा छापखाना लहान. सोळा पानांपुरतेच खिळे. त्यामुळे पुस्तक आलं की सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि पुढच्या सोळाला हात घालायचा. छापून झालेल्या पानात मग ब्रह्मदेव आला तरी फरक करता यायचा नाही.

शहाऐंशी साली आगवेकर सरांनी त्यांची कादंबरी आमच्याकडे आणली. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. आमची चाळ घाटकोपर पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आणि तिच्या बरोब्बर समोर जी नवी इमारत झाली, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे. त्यांच्या गॅलरीतून आमचं अख्खं पटांगण दिसायचं. प्रकाशक त्यांचा मित्र होता. सर लिहितील तसतशी सोळा-वीस पानं आणून द्यायची, असं ठरलं.

बापू हस्तलिखित माझ्यापुढे टाकून म्हणाले, "दत्ता, तुमच्या चाळीवर लिहिलंय म्हणे रे. चांगली माणसं जनावर कशी होतात, असलं काहीतरी. बघ, तू पण असशील त्यात. हिरो झालास की आम्हाला विसरू नको."

आमच्या चाळीत तसं एकदाच घडलं होतं, पाच वर्षांपूर्वी. आणि त्यात मी होतो.

तो रविवार होता. संध्याकाळी चाळीचा सत्यनारायण. पटांगण सकाळीच झाडून, पाणी मारून ठेवलेलं. मी आंघोळ करून नळापाशी आंब्याच्या डहाळ्या आणि पताका बांधत होतो. छापखान्यातलं दोऱ्याचं रीळ मी मुद्दाम घरी आणलं होतं. त्या महिन्यात आमच्या सार्वजनिक नळाच्या पितळी तोट्या तीनदा चोरीला गेल्या होत्या. बायका मोडक्या नळाला लाकडाची खुंटी मारून पाणी भरायच्या, सगळे वैतागलेले. आणि नऊच्या सुमारास मागच्या संडासापाशी एक माणूस सापडला. तिशीचा, सडसडीत, हातात पिशवी. पिशवीत पाना आणि आमच्या दोन तोट्या. किसन त्याचं नाव. ते आम्हाला मागाहून कळलं, त्या दिवशी कोणी विचारलं नाही.

राणे आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी. बँकेत कारकून, शांत माणूस, चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या फुकट घ्यायचे. तेच म्हणाले, "पळून जायचा. नळाच्या पाइपाला बांधा. दत्ता, तुझ्याकडे दोरा आहे ना?"

माझ्याकडे दोरा होता. मी बांधला. दोन्ही मनगटं एकत्र, पाइपाच्या मागून. जशी पानं बांधायचो तसाच, वेढ्यावर वेढा ओढून, टोक आत खुपसून. किसनचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर लांब होतं. तो म्हणाला, "दादा, जरा हळू." मी म्हटलं, "गप रे." कोणीतरी दोरा ओढून बघितला आणि म्हणाला, "झकास! हत्ती बांधला तरी सुटायचा नाही." आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग मार सुरू झाला. मी मारलं नाही. हे वाक्य मी पुढे पाच वर्षं स्वतःला ऐकवलं, की मी हातसुद्धा लावला नाही. राणे म्हणाले, "गर्दी नको, एकेकाने या. तोंडावर नको रे, पोलिसांना दिसतं." आणि खरंच एकेक जण आला. कोणी हातातलं घड्याळ काढून बायकोकडे दिलं. कोणी नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. कोणाचा नंबर आधी यावरून दोघांत थोडी बाचाबाची झाली, तीही राण्यांनी मिटवली. अकराच्या सुमारास कोणाच्या तरी घरून चहा आला. किसनने पाणी मागितलं, तर त्याला पाणी दिलं, वेगळ्या पेल्यातून. पोरांना बघू नका म्हणून घरात पाठवलं. बाराला सगळे दमून जेवायला गेले. पूजेनंतर बघू, मग चौकीवर कळवू, असं ठरलं.

मी वरणभात आणि बटाट्याची भाजी जेवत होतो. शेजारची आक्का दारात आली. मालवणकडची म्हातारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाली, "रे दत्ता, तेचे हात काळे पडले मरे. मी सोडूक गेलय, तर माका टोकच गावना नाय. वायच ढिला कर रे बाबा."

मी म्हटलं, "जेवतोय ना आक्का. येतो."

माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, आधी बघून या ना." मी तिच्यावर खेकसलो. जेवलो. पंख्याखाली पाच मिनिटं पाठ टेकू म्हटलं आणि झोप लागली. उठलो तेव्हा पावणेचार वाजले होते आणि खाली गलका चालू होता. शेवटी आक्कानेच कोणाला तरी चौकीवर पिटाळलं होतं. हवालदारालाही टोक सापडलं नाही. त्याने ब्लेडने दोरा कापला. किसन तेव्हा शुद्धीवर नव्हता. त्याला नेल्यावर बायकांनी ती जागा धुतली आणि तिथे रांगोळी काढली. संध्याकाळी पूजा झाली. शिरा उत्तम झाला होता.

बरगड्यांचं, पाठीचं सगळं भरून आलं त्याचं. हात गेले. सरकारी इस्पितळात उजव्या हाताची चार बोटं काढली आणि डावा हात मनगटाखाली वाळून गेला.

आठ-पंधरा दिवसांनी त्याची बायको चाळीत आली. कमल. कडेवर वर्षाचं पोर. आम्हाला वाटलं, आता शिव्याशाप, रडारड, छाती बडवणार. तिने काही केलं नाही. नळापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मारलं त्येचं काय नाय. चोरी केली, मार खाल्ला. पर बांधलं कुनी? येवढंच इचारते."

सगळी चाळ कठड्याला लागून उभी होती. राणे होते, आक्का होती, सुमन माझ्या मागे होती. कोणी बोललं नाही. माझ्या दारापासून ती दहा पावलांवर होती. तिने एकेका तोंडाकडे नीट बघितलं, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. आक्काने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मरेपर्यंत बोलली नाही.

ती भांडुप स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसते, हे मला पुढे कळलं. मी घाटकोपरचा, भांडुपला माझं काही काम नाही. तरी दर पंधरवड्याला तिथे उतरायचो, तिच्याकडून कोथिंबीर घ्यायचो आणि परत फिरायचो. ती मला ओळखत नव्हती. सुमनला कळत होतं कोथिंबीर कुठून येते. ती काही न बोलता निवडायला घ्यायची.

तर आता सरांची कादंबरी माझ्या हातात आणि दर आठवड्याला सोळा पानं. मी प्रत्येक पान धास्तावून जुळवत होतो. इतर लोक कादंबरी वाचतात तेव्हा नको ते पान उलटून पुढे जाऊ शकतात. मला प्रत्येक काना-मात्रा बोटांनी उचलायची होती. सरांनी मला पाहिलं असेल का? नाव घातलं असेल का? सर मध्येच फेरी मारायचे, चहा व्हायचा आणि ते बापूंना समजावून सांगायचे, "परुळेकर, संस्कृती हा नुसता वरचा पापुद्रा आहे हो. तो खरवडला की खाली जंगल. माझी कादंबरी तेच सांगते." बापू मान डोलवायचे आणि सर गेल्यावर विचारायचे, "दत्ता, खपेल का रे?"

सातव्या खेपेला तो प्रसंग आला. मी एका दमात हस्तलिखित वाचून काढलं. कादंबरीतली वेळ रात्रीची. लोकांच्या हातात मशाली. माणसं गुरगुरत होती, दात विचकत होती. पकडलेला माणूस निरपराध, पत्ता चुकून चाळीत आलेला. त्याला बांधणारा एक दारू प्यायलेला गिरणी कामगार, काळाकभिन्न, लाल डोळ्यांचा, काथ्याच्या दोराने बांधणारा. आणि मग समोरच्या इमारतीतून माधव नावाचा एक शिक्षक धावत खाली येतो, गर्दी चिरत जातो, आपल्या हातांनी त्या माणसाचे दोर सोडतो आणि तो माणूस त्याच्या खांद्यावर कोसळतो.

मी त्यात कुठेच नव्हतो. देवाची शपथ, मी आधी सुटकेचा श्वास टाकला. चहा मागवला. मग जुळवायला बसलो. आणि जुळवता जुळवता राग यायला लागला. माझा बाप गिरणीत होता. आयुष्यात दारूला शिवला नाही. मुंगीलासुद्धा दुखवलं नाही. माझं काम त्याच्या गळ्यात बांधलं होतं सरांनी. हात चालू होते, मन त्या दुपारी जाऊन बसलं होतं.

बापू त्या आठवड्यात तापाने आडवे. एरवी पहिलं प्रूफ ते वाचायचे. घाई होती म्हणून प्रूफ थेट सरांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर स्वतः आले, ते पान हातात घेऊन.

"दत्ताराम, ह्या चार ओळी माझ्या नाहीत."

मी पान घेतलं. लाल रेघेने खूण केली होती. वाचलं:

ज्याने बांधलं तो दारू प्यायला नव्हता. तो आंघोळ करून आला होता. दुपारी एका म्हातारीने येऊन सांगितलं, की हात काळे पडलेत, तेव्हा तो म्हणाला, जेवून येतो. मग तो झोपला.

आमच्या धंद्यात चुका होतात. ओळ सुटते, ओळ दोनदा पडते, पानच्या पान उलटसुलट लागतं. पण कागदावर नसलेलं जुळवलं गेलं, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मला ते जुळवल्याचं आठवतही नव्हतं.

"चूक झाली सर. काढतो."

सर कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. "म्हणजे ते तुम्ही होतात," ते म्हणाले. "मला वरून फक्त पाठ दिसली होती."

घ्या! पाच वर्षं ज्याची भीती होती, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मीच छापून त्यांच्या हातात दिलं होतं.

मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी विचारलं, "तुम्ही होतात ना सर गॅलरीत?"

"होतो."

"किती वेळ?"

"सकाळपासून." मग म्हणाले, "चहा तिथेच घेतला."

"मग हा माधव कोण?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी उतरायला हवं होतं, दत्ताराम. चपला घातल्या होत्या. जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणून त्याला उतरवला."

खरं तर तिथे मला त्यांची दया यायला हवी होती. मला संताप आला. "सर, मशाली कुठे होत्या हो? ऊन होतं लख्ख. आणि गुरगुरलं कोण? रांग होती तिथे. चहा आला होता. पाणी दिलं होतं त्याला. तोंडावर मारू नका म्हणून सांगणारा माणूस पोरांना फुकट शिकवायचा. तुमचा तो पापुद्रा कोणी खरवडलाच नव्हता! सगळं जागच्या जागी होतं. आणि तो निरपराध कसला? चोर होता तो. आमच्या तोट्या होत्या त्याच्या पिशवीत."

"मग वाचकाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं? चोराच्या?"

"मला काय माहीत? मी खिळे जुळवतो."

सरांनी पान पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाले, "ओळी चांगल्या आहेत."

"मग ठेवा," मी म्हटलं. वाटत होतं, ठेवावं त्यांनी, छापलं जावं, एकदाचं सुटावं. आणि वाटत होतं, काढावं.

त्यांनी खिशातून पेन काढलं, पण बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. "नाही ठेवता येणार. ह्या ठेवल्या तर माधवला काढावं लागेल. खालचा माणूस जेवून झोपला म्हटल्यावर वर गॅलरीत कोण उभं होतं, हे कोणीही विचारेल. आणि माधव गेला, तर पुस्तकात उरतं काय?" आणि चारही ओळींवर त्यांनी रेघ मारली. सरळ रेघ, मास्तरांची.

मी त्यांच्यादेखत पान सोडवलं, त्या ओळी काढल्या, अक्षरं एकेक करून खणात टाकली. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरं कोणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेत गेली. सोळा पानं छापून झाली. आता काही करता येण्यासारखं नव्हतं आणि मला हलकं हलकं वाटत होतं.

कादंबरी निघाली. वर्तमानपत्रात चार बरे शब्द छापून आले. माणसातल्या पशूचं भेदक दर्शन वगैरे. बापूंनी मला एक प्रत दिली. सुमनने ती दोन दिवसांत वाचली आणि पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "छान लिहिलंय. एवढा चांगला माणूस होता होय आपल्याकडे?"

मी तिला त्या चार ओळींचं सांगितलं. तिने लाटणं ठेवलं. "पुस्तकात नाही, तर तोंडाने सांगा. तिने एवढंच विचारलं होतं. जा आणि सांगून या."

"मारतील मला."

"मारू दे," ती म्हणाली.

त्या रविवारी मी भांडुपच्या डोंगरावर गेलो. विचारत विचारत खोली सापडली. पत्र्याची, पण आतून सारवलेली, स्वच्छ. किसन दारातच बसला होता. उजव्या हाताला एकटा अंगठा, डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. कमल आत भाजीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर करून बघितलं.

"तुमी कोथिंबिरीवाले ना?"

"हो. मी घाटकोपरचा. त्या... त्या चाळीतला."

तिचे हात थांबले. किसन मात्र सरकून जागा करत म्हणाला, "बसा की."

मी येताना वाक्य पाठ करून आलो होतो. बांधलं मी. दोन शब्द. ते तोंडातून निघेनात, म्हणून मी पिशवीतून पुस्तक काढलं. म्हटलं, "तुमच्यावर पुस्तक निघालंय."

"माज्यावर?" किसन हसला. "चोरावर कोन पुस्तक काडतंय? वाचा बगू."

मी मनात ठरवलं, तो प्रसंग वाचायचा आणि माधव आला की थांबायचं. म्हणायचं, हे खोटं आहे, खरं मी सांगतो. म्हणजे सुरुवात आपोआप होईल. वाचायला लागलो. पत्ता चुकून आलेला निरपराध माणूस, हे ऐकल्यावर किसन मध्येच म्हणाला, "न्हाई, न्हाई, तोट्या म्याच काडल्या हुत्या. त्येच्या आदीच्या बी म्याच." इतकं सरळ बोलला, की मला धीर आला. इथे खरं बोलणं अवघड नाही, असं वाटलं. मशाली झाल्या, लाल डोळ्यांचा गिरणीवाला झाला. माधव जिना उतरला. गर्दी चिरत गेला. त्याने आपल्या हातांनी दोर सोडले. इथे मी थांबलो.

किसन म्हणाला, "कोनतरी आलं हुतं व्हय?"

मी तोंड उघडलं, पण तोच बोलत राहिला. "मला सुद नव्हती वो शेवटी. मला वाटायचं, येवढी चाळ, येवढी मानसं, एक बी न्हाई? मार इसरलो मी. हाताची बी सवय झाली. पर ह्ये एक डोक्यातनं जाईना. एक बी न्हाई म्हंजी काय? हिला बी इचारायचो." त्याचे डोळे भरले होते. बोटं नसलेल्या हाताने त्याने नाक पुसलं. "म्हंजी एक जन हुता."

कमल जवळ येऊन उभी राहिली होती. किसन माझ्या तोंडाकडे निरखून बघत होता.

"तुमीच ना वो?" तो म्हणाला. "बाकी समदं धुरकट हाय, पर तुमचा चेहरा मला याद हाय. माज्या हातापाशी वाकला हुता तुमी. त्या दिशी येवढ्या जवळनं दुसऱ्या कुनाचाच चेहरा म्या बगितला न्हाई."

बोलायला हवं होतं. तेव्हा, त्याच क्षणी. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत बसलो. कमल खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं, तरी मी पाय मागे घेतले नाहीत.

"म्हनूनशान येत हुते हे कोथिंबिरीला," ती किसनला म्हणाली. "येवढी वर्सं. एका शब्दानं बोलले न्हाईत."

तिने चहा टाकला. किसन म्हणाला, "आदी त्यास्नी दे." माझ्या हातात कप देऊन ती त्याच्याजवळ बसली आणि त्याचा कप त्याच्या ओठाला लावून धरला. एक घोट, मग पदराने त्याची हनुवटी पुसणं, मग दुसरा घोट. मध्येच माझ्याकडे बघून ती हसली.

"तवा मी येड्यावानी समद्यास्नी इचारत हुते, बांधलं कुनी, बांधलं कुनी. सोडीवलं कुनी, ह्ये इचारायचं सुचलंच न्हाई बगा मला."

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "चालायचंच."